घर पाहायला पाठवलेली आत्या

माझ्या आत्याच्या घरात जितकी जागा आहे तितकी गोंदिया जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या घरात असेल असं मला वाटत नाही. घर तसं एका खोलीचं आहे, गोंदियाजवळ फुलचूरला, रस्त्याला लागून. पुढच्या बाजूला साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन, मागच्या बाजूला गॅस, माठ, पत्र्याची एक पेटी आणि गुंडाळून ठेवलेली सतरंजी. एवढं सांगितलं की घर सांगून झालं. बाकी सगळी जागाच आहे. गिऱ्हाईक बायकांना बसायला प्लास्टिकची एक खुर्ची असते, पण ती शेजारणीची. आत्या गावाला निघाली की शेजारीण आपली खुर्ची घेऊन जाते, आणि आत्या परतली की आणून ठेवते. एकदा आत्या अशीच कुठे तरी गेलेली असताना वाऱ्यानं तिचं दार उघडं पडलं. समोर नव्यानंच राहायला आलेल्या बाईंनी आत डोकावून पाहिलं आणि घाबरून, कुणाकडून तरी नंबर मिळवून, बाबांना फोन केला, ‘‘भाईसाब, जल्दी आइए, आपकी दीदी के यहाँ चोरी हो गई. कुछ नहीं छोड़ा, पूरा घर साफ कर दिया.’’ बाबा ऑफिसातून स्कूटरवर निघाले, फुलचूरला पोचले, आत जाऊन मधोमध उभे राहिले आणि चारही बाजूंनी पाहून आले तसे परतले. सगळं जागच्या जागी होतं.

आत्या गरीब आहे असं म्हणायला आमच्याकडे कुणी तयार नसतं, कारण मग तिला मदत करावी लागेल. ती श्रीमंत आहे असंही म्हणता येत नाही. फॉल-पिकोत माणसाचं भागतं, दिवाळीला आणि लग्नसराईत जरा बरं भागतं, एवढंच. पण भागून जे उरतं त्याचा लोक कूलर घेतात, दिवाण घेतात, निदान स्टीलचा एखादा डबा घेतात. आत्या तिकीट घेते. बाबा तिला दर उन्हाळ्यात सांगत, ‘‘बाई, यंदा कूलर घेच. मी आणून बसवून देतो.’’ ती म्हणे, ‘‘कायले? कूलर आला का त्याच्यात पानी टाकाले मले घरी बसावं लागते.’’ सामान हे तिच्या मते पाळलेल्या जनावरासारखं असतं. त्याला सोडून कुठे जाता येत नाही.

तिच्या या फिरण्याचं कारण नातेवाइकांनी आपापसांत ठरवून टाकलेलं आहे. आत्याचे यजमान ट्रक चालवत. मी जन्मायच्या आधीच ते गेले. जिवंत असताना ते म्हणे हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यावरून पुढे रायपूर, संबलपूर, विजयवाडा असे जात आणि आल्यावर आत्याला गावांची नावं सांगत, पण तिला कधी बरोबर नेलं नाही. ती राहिलेली हौस ही आता फेडते आहे, असं सगळे मान हलवत सांगतात. मलाही हे ऐकून लहानपणी रडू यायचं. मोठी झाल्यावर एकदा धीर करून मी आत्यालाच विचारलं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, ‘‘अगं ते तर रोज चल म्हणत. त्या ट्रकात बसली का मले उलट्या होत.’’ हे उत्तर मी कुणाला सांगितलं नाही. नातेवाइकांची एवढी चांगली गोष्ट कशाला बिघडवायची?

फिरायचं म्हणजे आत्या कुठेही जात नाही. ती साड्यांच्या मागे जाते. हातात रोज साड्या येतात, कुणी म्हणतं ही कांजीवरम, कुणी म्हणतं चंदेरी, कुणी इरकल. दिवसभर त्या नावांवरून हात फिरवून तिला वाटायला लागतं की आपण तिथं जाऊन यावं. म्हणून ती जाते. जनरल डब्यात खिडकी धरून बसते, पिशवीत मुरमुरे, कांदा आणि बदलायला एक साडी. गोंदियाचं तिला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं की इथून गाड्या सुटतात, त्यामुळे रिकाम्या मिळतात. ‘‘बाकी लोकाईच्या गावात गाडी भरून येते बेटा,’’ ती म्हणते, जणू ही सोय रेल्वेनं तिच्यासाठीच केली आहे.

ती कांचीपुरमला निघाली तेव्हा फुलचूरच्या बायकांमध्ये उत्सवाचं वातावरण होतं. एकीनं मरून रंगाची साडी सांगितली, एकीनं मोरपंखी, तिसरीनं तर लेकीच्या लग्नाचे पैसेच आत्याच्या हातात ठेवले. आत्या परत आली ती त्याच पॉलिस्टरच्या साडीत, आणि सगळ्यांचे पैसे सगळ्यांना परत. दुकानात गेलीच नव्हती. मागावर गेली होती. एका विणकराच्या ओट्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिली, त्यांची भाषा हिला येत नव्हती, हिची त्यांना, पण दुपारी त्यांच्याकडे भात खाल्ला आणि संध्याकाळी म्हातारीच्या केसांतला गुंता काढून दिला. ‘‘पण साडी काऊन नाही आणली?’’ बायका रडकुंडीला आल्या. आत्याला खरंच प्रश्न कळला नाही. ‘‘पाहून आली ना मी,’’ ती म्हणाली.

या फिरण्याचा धंद्याला फायदा झाला असता तर निदान बाबांना समाधान वाटलं असतं. झालं उलटंच. आत्या सुरतलाही जाऊन आली होती आणि तिथल्या गिरण्यांविषयी ती कांचीपुरमइतक्याच भक्तीनं बोलते. तिला दोन्हींत डावं-उजवं नाही. एकदा एक बाई नणंदेला घेऊन आल्या. साडी काढून मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘जपून हं, प्युअर कांजीवरम आहे, यांनी ॲनिव्हर्सरीला दिली.’’ आत्यानं पदर हातात घेतला आणि तिचा चेहरा एकदम उजळला. ‘‘अरे वा, ही तर सुरतची! मी जाऊन आली ना तिथं. काय मोठ्या मशिनी आहेत!’’ नणंदेला खोकला आला. त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत, आणि आत्या कित्येक दिवस विचारत होती की त्यांची तब्येत वगैरे ठीक आहे ना.

आमचं घर याच्या अगदी उलट. बाबा एका शाळेत क्लार्क आहेत आणि आमच्याकडे डायनिंग टेबल आहे. त्यावर कुणी जेवत नाही, कारण त्यावर मिक्सर, पाण्याचे जार, इस्त्रीचे कपडे आणि टेबलाचं जुनं प्लास्टिक कव्हर घडी करून ठेवलेलं असतं. मला इंग्रजी शाळेत घातलं तेही या टेबलासारखंच असावं, घरात एक चांगली वस्तू असावी म्हणून. त्या शाळेत मराठीत बोललं तर दंड होता आणि इंग्रजीत बोलायची मला लाज वाटायची, त्यामुळे मी गप्प बसायला शिकले आणि ती सवय पुढे राहिली. आत्याकडे जायला मला आवडायचं ते यासाठी की ती मला बोलतं करायचा प्रयत्न करत नसे. मी दुपारभर भिंतीला टेकून फॉलचे रंग लावून ठेवत बसायचे. निघताना ती म्हणायची, ‘‘बहुत गोष्टी झाल्या आज.’’

तर अशा या आत्यावर माझं लग्न येऊन ठेपलं.

स्थळ पुण्याचं होतं. मूळचे नाशिककडचे, आता पुण्यात, मुलगा कंपनीत, स्वतःचा फ्लॅट. मुलगा आणि त्याचे वडील मला पाहायला गोंदियाला येऊन गेले. मुलगा आणि मी गच्चीवर पाच मिनिटं बोललो, म्हणजे तो म्हणाला, ‘‘इथे खूप गरम होतं का?’’ आणि मी म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात.’’ इतका विचार करून दिलेलं उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही. तरी त्यांनी होकार कळवला. आता आमची पाळी होती. मुलगी दिली म्हणण्याआधी मुलीकडच्यांनी मुलाचं घर पाहून यायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे, आणि ते पाहणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. पंख्यांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं डोळ्यांनी मोजून यायचं आणि इकडे येऊन सांगायचं. माझं लग्न होणार की नाही ते त्या सांगण्यावर ठरणार होतं. माझ्या मनात काय आहे ते कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं असंही नाही. मला त्या मुलाविषयी एवढंच माहीत होतं की त्याला गरम होतं.

नेमकं तेव्हा बाबांच्या शाळेत तपासणी लागली आणि काकांचं धान कापणीला आलं. आई एकटी प्रवास करत नाही. तेवढ्यात कळलं की आत्या कोल्हापूरच्या गाडीनं निघाली आहे, तिथून पुढे इरकलला. गाडी पुण्यावरूनच जाते. बाबांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि मग फुलचूरला गेले. मी बरोबर होते.

‘‘बाई, तू तशीही पुण्यावरूनच जाऊन राहिली. उतर एक दिवस. त्याईचं घर पाहून ये.’’

‘‘पायतो ना. त्यात काय.’’

‘‘तसं नाही. नीट पाय. फ्रिज केवढा, एसी आहे का, गाडी कोणती, फ्लॅटवर लोन आहे का. आलमाऱ्या किती. पोरगी द्यायची आहे.’’

‘‘हो रे बाबू, पायतो म्हटलं ना,’’ आत्या म्हणाली आणि एवढ्या उत्साहानं म्हणाली की बाबा परत येताना वाटभर मान हलवत राहिले. ज्या बाईला स्वतःच्या घरात काय नाही हे माहीत नव्हतं, ती दुसऱ्याच्या घरात काय आहे ते पाहायला निघाली होती.

जाण्याआधी आत्यानं रीतसर मुलाच्या आईला फोन केला. तो फोन तिनं माझ्यासमोर केला आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. ती म्हणाली, ‘‘नमस्कार ताई. मी पोरीची आत्या. मंगळवारी सकाळी मी येऊन राहिली तुमच्याकडे.’’  मग त्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, ‘‘हो हो, या ना. आनंदच आहे.’’

मंगळवारी दुपारी आत्याचा फोन आला. फार प्रेमळ लोक आहेत, राहायचा आग्रह करताहेत, माझ्यासाठी आतल्या खोलीत पलंग तयार करून ठेवला, नवा टॉवेल, नवा साबण काढला, आता नाही कसं म्हणावं. बुधवारी ती म्हणाली, ‘‘सोडूनच नाही राहिले वं. सकाळी मी पिशवी उचलली तर सासरे म्हणाले, काही हवंय का? मी म्हटलं, नाही. आता माणूस इतकं विचारते तर उठून जाणं बरं दिसते का?’’ गुरुवारी बाबा खूश होते. मुलीच्या आत्याला इतका मान देणारं घर म्हणजे घर चांगलंच असणार. आईनं तर शेजारी सांगूनही टाकलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मला त्या मुलाचा फोन आला. नंबर मोठ्यांच्या परवानगीनं दिलेले होते, पण आजवर त्यावर फक्त दिवाळीच्या पणतीचं एक चित्र आलं होतं आणि मी उत्तरादाखल दुसऱ्या पणतीचं चित्र पाठवलं होतं. मी मागच्या अंगणात गेले.

‘‘हॅलो. बिझी आहात का?’’

‘‘नाही.’’

‘‘तुमच्या आत्या खूप छान आहेत.’’

‘‘हो.’’

‘‘आईला आवडल्या. आईच्या सगळ्या साड्यांना फॉल लावून दिले त्यांनी.’’

‘‘हो का.’’

 त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

‘‘म्हणजे मी एवढंच विचारणार होतो,’’ तो म्हणाला, ‘‘त्यांना इथे काही कमी तर पडत नाहीये ना? म्हणजे अजून किती... नाही, तसं नाही, राहू देत ना. फक्त बाबांची पाठ जरा दुखतेय. ते हॉलमध्ये खाली झोपतात सध्या. आम्हाला अंदाज आला असता तर गादी मागवली असती.’’

मला काही कळेना. ‘‘तुम्हीच आग्रह केला ना तिला राहायचा?’’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘‘आम्ही?’’ तो म्हणाला. ‘‘नाही, म्हणजे आनंदच आहे. पण त्यांनीच आधी फोन करून सांगितलं होतं ना, येऊन राहते म्हणून.’’

‘‘नक्की काय म्हणाली होती?’’

‘‘मंगळवारी मी येऊन राहिली तुमच्याकडे.’’ तो आत्याच्या चालीवर म्हणाला, आणि मी तिथेच तुळशीच्या कट्ट्यावर बसले.

इकडे आत्या म्हणत होती, सोडतच नाहीत. तिकडे ते म्हणत असतील, जातच नाहीत. दोन्ही बाजू तीन दिवस एकमेकांच्या प्रेमाखाली चेंगरून निघाल्या होत्या आणि कुणीही पाठ फिरवायला तयार नव्हतं. मला काही तरी बोलणं भाग होतं. मी शाळेत फळ्यासमोर उभी राहायचे तशी सरळ उठून उभी राहिले आणि म्हणाले,

‘‘ॲक्चुअली, ते राहणं नाहीये. ते प्रेझेंट कंटिन्युअस आहे.’’

‘‘सॉरी?’’

‘‘आमच्याकडे येतेय असं म्हणत नाहीत. येऊन राहिली म्हणतात. जातोय म्हणजे जाऊन राहिलो. पाऊस येऊन राहिला म्हणजे पाऊस येतोय, राहायला येत नाही. तिला रात्रीची कोल्हापूरची गाडी पकडायची होती. मंगळवारचीच.’’

 मग तो हसायला लागला. तोंडावर हात धरून हसतोय हे कळत होतं, कारण आत आत्या होती. मीही हसले. मला वाटतं आम्ही दोघं एकमेकांशी काही बोललो असं म्हणण्यासारखं ते पहिलंच.

‘‘मी तिला लगेच फोन करून सांगते,’’ मी म्हणाले.

‘‘नको, नको,’’ तो घाईघाईनं म्हणाला. ‘‘प्लीज त्यांना काही सांगू नका. उद्या त्या आईला पैठणला नेताहेत, एसटीनं, साड्या विणतात ते बघायला. आईनं सकाळपासून बॅग तीनदा भरलीय. लग्नानंतर आई पहिल्यांदाच अशा गावाला चाललीय जिथे कुणाचं लग्न नाही आणि कुणी वारलेलं नाही. बाबांची पाठ काय, बरी होईल.’’

फोन ठेवल्यावर मी अंगणात तशीच थांबले. आईनं आतून विचारलं, ‘‘काऊन गं, कोनाचा फोन होता?’’ मी म्हणाले, ‘‘राँग नंबर.’’ माझं त्या घराविषयी जे ठरायचं होतं ते तेवढ्यात ठरलं होतं, पण ते सांगायची पद्धत आमच्याकडे नव्हती. सांगायचं काम आत्याचं होतं.

आत्या पैठण करून, इरकल करून गोंदियाला उतरली त्या संध्याकाळी आमच्या घरी सगळे जमले. बाबा, आई, काका, काकू. डायनिंग टेबलावरचं सामान हलवून आत्याला पहिल्यांदाच त्यापाशी बसवलं. बाबांनी गळा साफ केला.

‘‘हं बाई. सांग. फ्रिज?’’

‘‘असंन ना. पानी थंड होतं.’’

‘‘एसी आहे का?’’

‘‘झोप चांगली लागली.’’

‘‘आलमाऱ्या? फर्निचर? टीव्ही केवढा आहे?’’ काका म्हणाले.

‘‘टीव्ही,’’ आत्यानं आठवून पाहिलं. ‘‘टीव्ही कुठं तरी बोलत होता.’’

‘‘अरे देवा,’’ आई म्हणाली. ‘‘चार दिवस राहून आल्या तुम्ही, अन् पाहिलं काय?’’

‘‘सासरा आपलं ताट आपण धुते,’’ आत्या म्हणाली. ‘‘कोनी नाही पाहून राहिलं तरी धुते, मी मुद्दाम स्वयंपाकघरातून निघून गेली होती. पोरगा चहा करते, साखर जास्त टाकते. सासू सगळ्याईच्या आधी जेवली एक दिवस, भूक लागली म्हणे, अन् कोनी काही नाही बोललं. पैठणले ती एका मागावर बसून रडली. मी नाही विचारलं काऊन म्हणून. चांगलं वाटत असंन.’’

‘‘पण बाई, सामान!’’ बाबा टेबलावर हात आपटून म्हणाले. ‘‘घरात सामान काय आहे?’’

बाबांची फ्रिज-एसीची यादी आत्या फुलचूरलाच विसरून गेली होती. तिला मनापासून आश्चर्य वाटत होतं. ‘‘सामान पाय म्हणून कुठं सांगितलं होतं रे तू मले? घर पाय म्हणाला होता. ते पाहून आली. चांगलं आहे.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘हिले इचारलं का कोनी?’’

कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी, मराठी, हिंदी अशा तीन भाषा मला येतात. त्यांतून शोधून मी ‘‘हो’’ म्हणाले.

लग्न गोंदियाच्या एका लॉनवर झालं. रिसेप्शनला नवऱ्याच्या मामांनी माइक हातात घेतला. मामा स्वभावानं चांगले आहेत, माइक हातात नसला की फारच चांगले. त्यांनी सगळा किस्सा सांगितला. येऊन राहिली, आणि खरंच राहिली. आमच्या दाजींची पाठ आणि बाम. पुण्याच्या मंडळींना वाटे आत्याबाई जाईनात आणि आत्याबाईंना वाटे पुणेकर सोडीनात. पाहुणे पोट धरून हसत होते, कुणी तरी ‘वन्स मोअर’ ओरडलं. मी स्टेजवरून आत्याला शोधलं. ती पहिल्या रांगेत होती आणि सगळ्यांपेक्षा जास्त हसत होती, पदरानं डोळे पुसत होती. माझ्या जिवात जीव आला.

पाठवणीच्या वेळी ती माझा पदर नीट करायला म्हणून वाकली आणि हळूच म्हणाली, ‘‘तुझे सासरे चार दिवस खाली झोपत होते का वं?’’

‘‘त्यांना तिथंच आवडतं,’’ मी म्हणाले.

‘‘हां,’’ आत्या म्हणाली.

लग्नानंतर वर्षभरातच आम्ही दुसऱ्या, मोठ्या घरात राहायला आलो. सासू-सासरे बरोबरच आहेत. सोफा घेतला, पडदे शिवले, दोन दारांचा फ्रिज घेतला, आणि या सगळ्यासाठी आम्ही दोघं इतकं काम करतो की घर असतं आणि आम्ही नसतो. आत्या पूर्वीसारखीच येते-जाते. पुण्यावरून गाडी जात असली की फोन करते, मी प्लॅटफॉर्मवर जाते, तिच्या डब्याच्या खिडकीशी उभी राहते. दर वेळी म्हणते, ‘‘उतर ना आत्या. एक दिवस. सासूबाई वाट पाहताहेत.’’ खरंच पाहत असतात, डबा देतात करून. आत्या डबा घेते, विहिणीसाठी निरोप देते, आणि म्हणते, ‘‘लेकीच्या घरी राहत नसतात बेटा. रीत आहे.’’

या बाईनं आयुष्यात दुसरी कुठली रीत पाळल्याचं मला आठवत नाही. उपास धरत नाही, अमावस्येला प्रवासाला निघते, कांचीपुरमला अनोळखी घरात भात खाऊन येते. पण ही रीत तिनं अशी घट्ट धरली आहे की मी पुढे काही बोलू शकत नाही. पाठवणीच्या वेळच्या तिच्या प्रश्नावरून मला जे वाटतं ते मी तिला विचारलेलं नाही. तिनंही मला कधी बोलतं करायचा प्रयत्न केला नव्हता.

मागच्या महिन्यात ती पुण्यावरून गेली तेव्हा गाडी जरा जास्त वेळ थांबली. आत्यानं पाय वर घेतले, खिडकीच्या गजांना हात धरला आणि म्हणाली, ‘‘हं, सांग. घरात काय काय घेतलं?’’

मला वाटलं चुकीचं ऐकलं. मी म्हणाले, सोफा घेतला. ती म्हणाली, कुठं ठेवला, दारातून येताना कोणत्या हाताला येते? मी सांगितलं. पडदे कसे आहेत? फ्रिज कुठं? ओटा उंच तर नाही ना, तुझे हात दुखत असतील. सासरे कुठं झोपतात? त्यांना वेगळी खोली आहे, मी म्हणाले, पलंग आहे, चांगला आहे. ‘‘हां,’’ ती म्हणाली. ‘‘पुढं?’’ मी एकेक खोली सांगत गेले. इतकं सलग मी कधीच कुणाशी बोलले नसेन. ती गजांवर कपाळ टेकून ऐकत होती, कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते मनात बसवत होती, कधी न पाहिलेल्या गावाचा रस्ता विचारून घ्यावा तशी. शेजारच्या बाईनं मुरमुरे पुढे केले तर हातानंच थांब म्हणाली.

गाडी हलली. मी सांगत सांगत बाल्कनीपर्यंत आले होते.

‘‘तिथून काय दिसते?’’ आत्यानं विचारलं.

मी गाडीबरोबर चालायला लागले. खाली एक शाळा आहे, मी मोठ्यानं म्हणाले, तिच्या मागे टेकडी आहे, संध्याकाळी तिथं लोक फिरायला येतात. आत्यानं टेकडी पाहायला खिडकीतूनच मान उंच केली.